पॅनेलची पाठ

“ताई, सोलर पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं, असं दुकानदार म्हणालाय. खरं का ओ?”

जुळे सोलापुरातल्या गच्चीवर हाच प्रश्न, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याच्या पत्र्यावर हाच, आणि मोहोळकडं विहिरीच्या काठी सौर पंपापाशीही हाच. मी सोलर विकत नाही. लोकांनी बसवून घेतलेलं तपासते, मोजते आणि काय बदलायचं, काय ठेवायचं ते लिहून देते. वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळून आलेली मोटार उघडल्याबरोबर वासावरून ते सांगायचे, बेअरिंग जाम झालं होतं की फेज गेला होता. यंत्र कुठून मरतं ते आधी बघायचं, ही सवय मला तिथं लागली.

म्हणून पंचवीस वर्षांचं विचारणाऱ्याला मी आधी एकच सांगते. पॅनेलच्या खाली वाका आणि त्याची पाठ बघा.

विकत घेताना सगळे पुढची बाजू बघतात. काच, काळा चकचकीत रंग, ५४० वॅट की ५७५ वॅट. पण आयुष्य तिथं ठरत नाही. वरची काच साधारण ३.२ मिलिमीटरची, कडक केलेली. तिच्याखाली ईव्हीए नावाच्या पारदर्शक चिकट पदार्थाचा थर, मग उन्हाची वीज करणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या, म्हणजे सेल, पुन्हा ईव्हीए आणि सगळ्यात मागं प्लास्टिकच्या थरांची बॅकशीट. कडेनं ॲल्युमिनियमची फ्रेम, पाठीवर जंक्शन बॉक्स, म्हणजे जोडण्यांची डबी, त्यात बायपास डायोड (सावलीतल्या सेलांना वगळून वीज पुढं नेणारा भाग) आणि दोन वायरी. यातलं सिलिकॉन जवळजवळ झिजतच नाही. म्हातारं होतं ते बाकीचं: चिकट थर पिवळा पडतो, बॅकशीट तडकते, सोल्डरचे सांधे सुटतात, कनेक्टर जळतो. सोलापुरी चादर मधोमध फाटत नाही, आधी तिची कड उसवते. पॅनेलचंही तसंच आहे.

आता तो पंचवीस वर्षांचा कागद. त्यात वॉरंटी दोन असतात आणि दुकानात त्या एकत्र करून सांगितल्या जातात. एक वस्तूची, म्हणजे काच, फ्रेम, जंक्शन बॉक्स, बॅकशीट यांची. ती बहुतेक वेळा १० किंवा १२ वर्षांची. दुसरी वीजनिर्मितीची, २५ वर्षांची: पंचविसाव्या वर्षीही पॅनेल मूळ क्षमतेच्या ८० टक्के किंवा थोडी जास्त वीज देईल, अशी. दोन्ही बाजूंनी काच असलेल्या नव्या पॅनेलांवर ३० वर्षंही लिहितात. म्हणजे पंधराव्या वर्षी जंक्शन बॉक्स गळून पडला, तर ‘२५ वर्षं’ हा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. आणि वीज कमी झाल्याचा दावा करायचा, तर ती किती कमी झाली हे कंपनी मान्य करेल अशा पद्धतीनं मोजून दाखवावं लागतं. गच्चीवर उभं राहून “पूर्वीसारखं बिल येत नाही” म्हणून चालत नाही.

मग खरं काय? जगभर या गोष्टीची मोजमापं झाली आहेत आणि ती धीर देणारी आहेत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या डर्क जॉर्डन आणि सारा कुर्त्झ यांनी प्रसिद्ध झालेले घसरणीचे जवळपास २,००० दर गोळा केले. त्यांचा मध्यक, म्हणजे सगळे दर क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा, निघाला वर्षाला ०.५ टक्के आणि सरासरी ०.८ टक्के. पहिला दर धरला तर २५ वर्षांनी पॅनेल ८८ टक्क्यांच्या आसपास राहतं, दुसरा धरला तर ८० च्या. तीन किलोवॅटच्या घरगुती सोलरवर आज दिवसाला सरासरी १२ युनिट येत असतील, तर वाईट दरानंही पंचवीस वर्षांनी साडेनऊच्या आसपास येतील. पंचवीस वर्षं संपली की पॅनेल बंद पडतं, ही समजूत मला फार ठिकाणी भेटते. तसं काही होत नाही. ते चालूच राहतं, थोडं कमी देतं.

स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावाची गोष्ट मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथं १९८२ साली १० किलोवॅटचा एक छोटा प्रकल्प ग्रीडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला जोडला, युरोपातला पहिला. तो तीन दशकांहून जास्त काळ चालवून पॅनेलं पुन्हा पुन्हा प्रयोगशाळेत मोजली गेली. पॅनेलं एकाच कंपनीची, एकाच जातीची, एकाच छतावरची. तरी ती सारखी म्हातारी झाली नाहीत. काही जेमतेम घसरली, काही पिवळी पडून बरीच घसरली. फरक निघाला सेलभोवतीच्या चिकट थरात; तो थर सगळ्या पॅनेलांत एकाच प्रकारचा नव्हता. काच तीच, सिलिकॉन तेच, मधला डिंक वेगळा. डोळ्यांना न दिसणारी वस्तू तीस वर्षांनी बोलली.

पण लुगानो म्हणजे आल्प्सच्या पायथ्याचं तळ्याकाठचं गाव. आपलं सोलापूर ते नव्हे. एप्रिल-मे मध्ये इथं पारा ४२-४३ वर जातो आणि दुपारी दोन वाजता पॅनेलच्या पाठीचं तापमान ६५ ते ७० अंश भरतं; हात टेकवत नाही. म्हणून मी परदेशातल्या आकड्यांच्या शेजारी आपल्या देशातली तपासणी ठेवते. आयआयटी मुंबई आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था यांनी २०१३ पासून एक-दोन वर्षांच्या अंतरानं देशभरची पॅनेलं जागेवर जाऊन तपासली. त्यात दोन गोष्टी ठळक दिसल्या. उष्ण प्रदेशातली पॅनेलं थंड प्रदेशातल्या पॅनेलांपेक्षा लवकर घसरतात. आणि छतावरच्या लहान यंत्रणा जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पांपेक्षा लवकर घसरतात. आपण दोन्हीत बसतो. उष्ण प्रदेश आणि छत.

यात एक गोंधळ नेहमी होतो, तो सोडवून ठेवते. उन्हाळ्यात “ऊन वाढलं आणि वॅट कमी दाखवतंय, पॅनेल गेलं वाटतं” असे फोन येतात. लेबलवरचे वॅट हे सेल २५ अंशांवर असतानाचे असतात. सेल ६५ अंशांवर गेला, की दर अंशाला साधारण ०.३५ टक्के या हिशेबानं ४० अंशांचे १४ टक्के वजा होतात. ५४० चं पॅनेल भर दुपारी ४६५ च्या आसपास देतं. हे म्हातारपण नाही. डिसेंबरात गार वारं सुटलं की तेच पॅनेल पुन्हा वर जातं. म्हातारपण उन्हाळ्यात येतं ते वेगळ्या वाटेनं: रोज तापणं आणि रात्री गार होणं. काच, सेल आणि तांब्याच्या पट्ट्या वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, सांध्यांवर रोज ताण येतो. आणि उष्णतेत ईव्हीए आणि बॅकशीट यांचं रसायन वेगानं बिघडतं.

याच कारणासाठी पत्र्याच्या शेडवर पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवलेलं मला सहन होत नाही. टॉवेलच्या कारखान्यांत हे सर्रास दिसतं. खालून वारा फिरत नाही, पत्रा स्वतः तापलेला, आणि पाठीला श्वास घ्यायला जागा नाही. सहा इंच उचलून बसवलं तर लोखंड थोडं जास्त लागतं, पण पॅनेल दरवर्षी उन्हाळाभर काही अंश गार राहतं. ती बचत माझ्या मते चुकीच्या जागी केलेली बचत आहे.

एमआयडीसीतल्याच एका कारखान्याचं सांगते. पॅनेलं बारा-तेरा वर्षांची. मालकांनी मनाशी ठरवलेलं, सगळं काढून नवं टाकायचं. एका विक्रेत्यानं तसं कोटेशनही दिलेलं. “मॅडम, निम्मीसुद्धा वीज येईना. संपलं आयुष्य.” मी पत्र्यावर चढून आधी प्रत्येक स्ट्रिंगचा, म्हणजे एकामागं एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळेचा, करंट डीसी क्लॅम्प मीटरनं मोजला. दोन स्ट्रिंग पूर्ण मेलेल्या. एकीचा फ्यूज उडालेला, दुसरीचा कनेक्टर वितळून काळा झालेला. दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी कनेक्टर एकमेकांत दाबून बसवले होते. बसतात ते, पण आतला स्पर्श पूर्ण होत नाही, वर्षानुवर्षं तापत राहतं. उरलेल्या स्ट्रिंगवर सुताचा तूस, धूळ आणि पाण्याचे पांढरे डाग यांचा जाड थर. धुऊन, जोडण्या बदलून पुन्हा मोजलं तेव्हा बहुतेक पॅनेलं लेबलच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास निघाली. त्या वयाला ते चांगलं आहे. खरी बाद करावी लागली ती थोडी, आणि त्यांचा दोष पाठीवर होता.

पाठीवरचा दोष असा ओळखायचा. बॅकशीटवरून बोट फिरवलं की खडूसारखी पांढरी भुकटी लागते, ही पहिली पायरी. पुढं सेलच्या फटींवरून उभ्या-आडव्या चिरा पडतात. साधारण २०१० नंतरच्या काही वर्षांत जगभर पॉलिॲमाइडच्या बॅकशीटची पॅनेलं भरपूर विकली गेली आणि त्यांतली बरीच काही वर्षांतच अशी तडकली. ती चाचण्या पास झालेली होती. ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास, उणे ४० ते ८५ अंशांची २०० आवर्तनं, २५ मिलिमीटरची बर्फाची गोळी, हे सगळं पार करून आलेली. पण वर्षानुवर्षं एकत्र येणारं ऊन, उष्णता आणि ओल चाचणीत तितक्या प्रमाणात नव्हतं. त्यामुळे “सर्टिफिकेट आहे” या उत्तरावर मी थांबत नाही. बॅकशीट कुठल्या प्रकारची, हे विचारते. प्रमाणपत्र नसेल तर मात्र पुढं बोलूच नये.

चीर पडलेलं पॅनेल उन्हाळ्यात बिनबोभाट चालतं. पाऊस लागला की बोलायला लागतं. सकाळी इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र, ‘आयसोलेशन फॉल्ट’ दाखवून सुरूच होत नाही, दहा-अकराला ऊन पडून ओल वाळली की आपोआप चालू होतो. लोक म्हणतात, ढग आहेत म्हणून. तसं नाही. पावसाळ्यात सकाळचा इन्व्हर्टर रोज उशिरा उठत असेल तर कुठंतरी वीज ओलाव्यातून फ्रेमकडं झिरपतेय, असं समजा आणि धातूच्या सांगाड्याला हात लावण्याआधी माणूस बोलवा. सूर्य असेपर्यंत पॅनेलची वीज कुठल्याच बटणानं बंद होत नाही, हे घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांना माहीत हवं.

इन्व्हर्टरचं आयुष्य पॅनेलपेक्षा कमीच. १० ते १५ वर्षांत एकदा तो बदलावा लागणार, हे घेतानाच हिशेबात धरावं. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेला भितात. दर दहा अंशांमागं त्यांचं आयुष्य निम्मं होतं, असा आमच्या कामातला ठोकताळा आहे. तरी तो पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारच्या उन्हात ठोकलेला दिसतो. जिन्याखाली, सावलीत, वारा लागेल असा लावा. एवढ्यानंच काही वर्षं वाढतात.

पाण्याविषयी सविस्तर लिहिते, कारण हा खास आपला प्रश्न आहे. उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं. ते प्यायचं, साठवायचं. पॅनेल धुवायला उरतं बोअरचं. बोअरचं पाणी जड, क्षाराचं. तापलेल्या काचेवर ते मारलं की पाणी उडून जातं आणि क्षार चिकटून बसतो. दोन-चार वर्षांत काचेवर असा थर होतो, की तो फडक्यानं निघत नाही, आणि घासायला गेलं तर काचेवरचा चमक कमी करणारा लेपही जातो. त्याहून वाईट म्हणजे आरओ यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी. ‘वाया जाऊ नये’ या चांगल्या भावनेनं ते बादलीत साठवून पॅनेलवर ओततात. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशीला वापरा, पॅनेलला नको. मी सांगते ते असं: पहाटे किंवा सूर्य उगवायच्या सुमारास, काच गार असताना, मऊ वायपरनं धुवा आणि बोअरचंच पाणी असेल तर लगेच रबरी पट्टीनं ओढून काढा, वाळू देऊ नका. पहिल्या पावसाच्या सरी येतात तेव्हा नुसता वायपर फिरवला तरी फुकटचं गोडं पाणी कामाला येतं. आणि धुणाऱ्या पोराला पॅनेलवर गुडघा टेकू देऊ नका. काच फुटत नाही, पण खालचा सेल केसासारखा चिरतो. त्या चिरा वर्षा-दोन वर्षांनी हॉटस्पॉट, म्हणजे जास्त तापणाऱ्या जागा, होऊन दिसतात.

गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या आसपासच्या वस्त्यांवर काजळी पडते, तिथं धुणं आठवड्याला हवं. कबुतरांची विष्ठा तर लगेच काढावी. एका सेलवर सावली बसली की तो वीज द्यायचं सोडून तापायला लागतो. बायपास डायोड त्याला वाचवतो, पण डायोडनं वर्षानुवर्षं रोज हेच काम करावं अशी त्याची रचना नाही.

आता घरगुती सोलरचा जोर आहे. पीएम सूर्यघर योजनेत २०२४ पासून तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं आणि गल्लोगल्ली पॅनेलं चढताहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. आपल्याकडं गच्ची ही राहती जागा असते: पापड-कुरडया वाळतात, उन्हाळ्यात अंथरुणं पडतात. त्यामुळे पॅनेलं आठ-दहा फूट उंच सांगाड्यावर घेतात. उत्तम. फक्त वळवाचं वारं या उंच सांगाड्याला खालून उचलतं, हे विसरू नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट जिल्ह्यात अजून कुणी विसरलेलं नाही. पण माझ्या बघण्यात गारेनं फुटलेल्या पॅनेलांपेक्षा वाऱ्यानं उपटलेली पॅनेलं जास्त आहेत. हॉट-डिप गॅल्वनाइज्ड लोखंड, स्टेनलेसचे नटबोल्ट, आणि पाय गच्चीत नुसते टेकवलेले नाहीत ना, एवढं बघा. जागेवर भोकं पाडून वेल्डिंग केलेलं असेल तर तिथं झिंकचा लेप नसतो, गंज तिथूनच चढतो. योजनेतल्या विक्रेत्यावर पहिली पाच वर्षं देखभालीची जबाबदारी आहे. ती मागून घ्या, वर्षातून एकदा तरी बोलवा, लेखी घ्या. वायरी बांधायचे साधे प्लास्टिकचे टाय आपल्या उन्हात लवकर तुटतात, वायर फ्रेमच्या धारेवर लोंबकळते, घासते. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि तेच राहून जातं.

जुन्या पॅनेलांच्या बाजारात मात्र सावध राहा. मोठ्या प्रकल्पांतून काढलेली पॅनेलं शेतकऱ्यांना स्वस्तात मिळू लागली आहेत. विकणारा मल्टिमीटर लावून व्होल्टेज दाखवतो: “बघा काका, नव्यासारखं.” व्होल्टेज थकलेल्या पॅनेललाही जवळजवळ पूर्ण येतं. ईव्हीए पिवळं पडलं की घटतो तो करंट. अक्कलकोट तालुक्यातल्या एका वस्तीवर घरदिव्याचं जुनं, ३६ सेलचं पॅनेल बघितलं. मधोमध तपकिरी झालेलं, काचेखाली चहा सांडल्यासारखं. उघडं, म्हणजे काही न जोडता मोजलेलं, व्होल्टेज २० च्या घरात होतं, नव्यात २१ असतं. करंट मात्र लेबलच्या पुष्कळ खाली. तरी एक दिवा ते रात्रभर चालवत होतं आणि त्या घरच्या आजींनी ते उतरवायला साफ नकार दिला. त्यांचं बरोबरच होतं. पण तेच पॅनेल पंपासाठी कुणी विकत घ्यावं, असं नाही. घ्यायचंच असेल तर स्वच्छ आकाशाखाली भर दुपारी शॉर्ट सर्किट करंट (पॅनेलची दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा) मोजायला लावा, लेबलवरच्या आकड्याशी ताडून बघा, आणि पॅनेल उलटं करून पाठीवर नख फिरवा.

शेवटी पॅनेल खरंच बाद झालं, तर भंगारवाला ॲल्युमिनियमची फ्रेम काढून घेतो आणि उरलेलं ओढ्याकाठी टाकतो. त्यातल्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून ते असं टाकायचं नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलंही आली आहेत आणि असा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. वजनाचा मोठा भाग काच, मग ॲल्युमिनियम. दोन्ही पुन्हा वापरात येतं. खेड्यापर्यंत ती साखळी यायला हवी आणि त्यासाठी आपणच ग्रामपंचायतीत विचारत राहायला हवं.

आज एक काम करा. पॅनेलच्या पाठीवरच्या प्रत्येक स्टिकरचा फोटो काढून ठेवा. सिरियल नंबर त्यावरच असतो, वॉरंटी त्याच्यावरच मिळते, आणि उन्हानं ती छपाई पुसट होत जाते. आणि २००५ च्या आधीचं पॅनेल कुणाच्या गच्चीवर, वस्तीवर, शाळेत असेल, चालू किंवा बंद, तर मला कळवा. मी येऊन मोजेन, पैसे घेणार नाही. सोलापूरच्या उन्हात कुठल्या बॅकशीट टिकल्या आणि कुठल्या नाहीत, याची वही मला भरायची आहे. जानेवारी-फेब्रुवारीत आलेलं बरं, तेव्हा आकाश स्वच्छ असतं.